दृष्टिबाधित खेळाडूची उडी मोबाईलवर कशी मोजायची

पहिल्यांदा उडी मोजायला मोबाईल घेऊन मी जमिनीवर पालथा झोपलो, तेव्हा वाटलं होतं की कठीण काम कॅमेऱ्याचंच असणार. समोर गोलबॉल (दृष्टिबाधितांचा, आवाज करणाऱ्या चेंडूचा सांघिक खेळ) खेळणारी एक मुलगी उभी होती, जन्मापासून पूर्ण अंध. मी म्हणालो, “हात कमरेवर, थोडं खाली बस आणि सरळ वर उडी मार. हां, असंच.” ती थांबली. “सर, असंच म्हणजे कसं?” मग तिने आपल्या समजुतीने उडी मारली. उडी जोरकस होती, पण ती खाली आली हातभर पुढे, जवळजवळ माझ्या अंगावर. व्हिडिओत जमिनीवरून सुटलेले पाय दिसत होते, टेकलेले पाय नव्हतेच.

त्या दिवसाचा एकही आकडा मी ठेवला नाही. अ‍ॅप मोजतं तो फक्त पाय हवेत असतानाचा वेळ. त्या वेळेत पायांची ताकद किती आणि अनोळखी जागेतलं बिचकणं किती, हे अ‍ॅपला कळत नाही. ते वेगळं करण्याचं काम आपलं, आणि दृष्टिबाधित खेळाडूंच्या बाबतीत बहुतेक मेहनत तिथेच लागते. नवे प्रशिक्षक, क्रीडाशिक्षक, फिजिओ आणि आपली उडी आपणच मोजू पाहणारे खेळाडू, अशा सगळ्यांसाठी ही कृती लिहितो आहे.

आकडा येतो कुठून

जुनी पद्धत भिंतीची. भिंतीला लागून उभं राहायचं, हात वर ताणून खूण करायची, मग उडी मारून सगळ्यात वर दुसरी खूण करायची. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे उडी. डोळस मुलांसाठी ही पद्धत स्वस्त आणि मस्त आहे. पण उडीच्या नेमक्या टोकाला भिंतीवर हात मारणं हे बऱ्याच अंशी डोळ्यांचं काम आहे. शिवाय शेजारी भिंत आहे हे माहीत असलं की न दिसणारा माणूस अंग चोरून उडी मारतो, आणि त्यात त्याची चूक काहीच नाही.

हवेतल्या वेळेवरून उंची काढायची पद्धत इथे उजवी ठरते, कारण हवेत कशालाही हात लावायचा नसतो. उडी मारल्यावर वर जायला जितका वेळ लागतो तितकाच खाली यायला लागतो, आणि या सगळ्या वेळात ओढणारं बळ एकच, गुरुत्वाकर्षण. म्हणून हवेतला वेळ सेकंदांत घ्या, त्याचा वर्ग करा आणि १२२.६ ने गुणा. उत्तर थेट सेंटिमीटरमध्ये येतं. ०.४५ सेकंद म्हणजे २४.८ सेंमी, अर्धा सेकंद म्हणजे ३०.७ सेंमी, ०.६ सेकंद म्हणजे ४४.१ सेंमी. हिशेबात वर्ग असल्यामुळे वेळेत झालेली टक्काभर चूक उंचीत दोन टक्के होऊन बसते. व्हिडिओतल्या पाय सुटल्या-टेकल्याच्या फ्रेम, म्हणजे एकेक चित्रं, निवडताना चिकाटी लागते ती म्हणूनच.

पूर्वी यासाठी फोर्स प्लेट (पायांचा जमिनीवरचा जोर मोजणारी पाटी) किंवा पाय सुटल्या-टेकल्याची वेळ नोंदवणारी चटई लागायची. मग मोबाईलच्या कॅमेऱ्यात स्लो मोशन आलं आणि तेच काम व्हिडिओवर होऊ लागलं. ‘माय जंप’ हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं अ‍ॅप, स्पेनचे क्रीडाशास्त्रज्ञ कार्लोस बाल्सालोब्रे-फर्नांडेझ यांनी तयार केलेलं. २०१५ साली त्यांनी सहकाऱ्यांसोबत त्याची पडताळणी प्रसिद्ध केली. २० जणांच्या १०० उड्या एकाच वेळी फोर्स प्लेटवर आणि आयफोन ५एसच्या सेकंदाला १२० फ्रेम टिपणाऱ्या कॅमेऱ्यावर मोजल्या, तेव्हा दोन्हींत साधारण १ सेंमीचा फरक आला. हे चाचणीतले लोक डोळस होते, हे लक्षात ठेवायला हवं. यंत्र तेच राहतं, पण आपल्या खेळाडूची उडी तितकीच स्थिर आहे का, हे आपल्यालाच तपासावं लागतं.

कोणतं अ‍ॅप घ्यायचं

ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिल्यात आपण व्हिडिओ काढतो आणि पाय सुटल्याची व टेकल्याची फ्रेम स्वतः निवडतो. दुसऱ्यात अ‍ॅप कॅमेऱ्यातून शरीर ओळखून आकडा आपोआप देतं. तिसऱ्यात मोबाईल कमरेला बांधून त्यातल्या सेन्सरवरून उडी काढली जाते.

सुरुवात पहिल्या प्रकाराने करा. मेहनत जास्त आहे, पण उडीत काय झालं ते तुम्ही स्वतः पाहता, आणि चुकीची उडी ओळखायला तेच उपयोगी पडतं. आपोआप आकडा देणारं अ‍ॅप पाय वाकवून टेकलेली उडीही निमूटपणे मोजून मोकळं होतं. कमरेला बांधलेला मोबाईल हलतो, पट्टा सैल असला की आकडा बिघडतो. अ‍ॅप घ्यायचंच नसेल तर मोबाईलचा स्लो मोशन कॅमेरा, फ्रेम-फ्रेम पुढे नेता येईल असा व्हिडिओ प्लेयर आणि वरचं सूत्र एवढ्यावरही भागतं.

मोबाईल खरं बोलतो का, ते आधी बघा

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये सेकंदाला २४० फ्रेम निवडा. अर्ध्या सेकंदाच्या उडीत एक फ्रेम इकडची तिकडे झाली तर २४० ला अर्ध्या सेंमीचा फरक पडतो, १२० ला १ सेंमीचा, आणि ३० फ्रेमच्या साध्या व्हिडिओत ४ सेंमीचा. म्हणजे साध्या व्हिडिओवर मोजणं हा नुसता अंदाज होतो.

काही मोबाईल २४० म्हणतात, पण आतून कमी फ्रेम टिपतात आणि मधल्या फ्रेम बनवून किंवा तीच फ्रेम दोनदा लावून भरून काढतात. हे ओळखायची एक साधी परीक्षा मी प्रत्येक नव्या मोबाईलवर घेतो. एक चेंडू असा धरायचा की त्याचा तळ जमिनीपासून बरोबर १ मीटर वर येईल. कॅमेरा सुरू करून चेंडू सोडायचा, फेकायचा नाही. सुटल्यापासून टेकेपर्यंत ०.४५ सेकंद, म्हणजे २४० च्या वेगाने सुमारे १०८ फ्रेम भरायला हव्यात. सुटण्याची फ्रेम धूसर असते, त्यामुळे दोन-तीन फ्रेम इकडेतिकडे चालतील. पण ५४ च्या आसपास आल्या तर कॅमेरा १२० वर चालला आहे असं समजा. फ्रेम पुढे नेताना एकाआड एक फ्रेममध्ये चेंडू जागचा हलत नसेल, तर दोनदा लावलेल्या फ्रेम सापडल्या.

मेसेजिंग अ‍ॅपवरून आलेल्या व्हिडिओवर कधीही मोजू नका. पाठवताना फाईल लहान केली जाते आणि फ्रेम गळतात. ज्या मोबाईलने टिपलं, त्यातल्या मूळ फाईलवरच मोजायचं.

उडीआधी डोळ्यांचं विचारा

हा भाग घाईत सुटतो आणि सुटू नये असा आहे. दिसत नाही म्हणजे डोळ्याला आता काही व्हायचं राहिलेलं नाही, असं नसतं. चष्म्याचा नंबर खूप मोठा असेल, दृष्टिपटल सुटण्याचा इतिहास असेल, डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर उड्यांचे धक्के धोक्याचे ठरू शकतात. मार्फान सिंड्रोम या जन्मजात आजारात डोळ्यातलं भिंग जागचं सरकलेलं असू शकतं आणि हृदयाच्या मुख्य धमनीचाही प्रश्न असू शकतो. अशा प्रत्येक खेळाडूसाठी डोळ्यांच्या डॉक्टरांना, गरज असेल तर हृदयाच्याही डॉक्टरांना, स्पष्ट विचारा: जोरात उड्या मारलेल्या चालतील का? उरलेली थोडी दृष्टी एखाद्याच्या रोजच्या जगण्याचा केवढा मोठा आधार असते, हे ज्याने जवळून पाहिलं आहे तो ही विचारणा टाळणार नाही.

चाचणी चालू असताना डोळ्यांपुढे अचानक चमक, काळे ठिपके किंवा पडदा आल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबायचं आणि तातडीने डॉक्टरांकडे जायचं. हे खेळाडूला आधीच सांगून ठेवा.

जागा पायाला कळली पाहिजे

डोळस माणूस उडी मारताना नकळत समोरच्या एखाद्या गोष्टीवर नजर रोखतो आणि तिच्या आधाराने सरळ राहतो. नजरेचा तो आधार नसला की शरीर थोडं पुढे किंवा एका बाजूला सरकतं. पायाला आधार दिला की ते बरंच थांबतं.

गोलबॉलच्या मैदानावर रेषा आखताना चिकटपट्टीखाली सुतळी घालतात, म्हणजे खेळाडूला ती हातापायाने लागते. आपण तीच युक्ती उचलायची. जमिनीला पक्की चिकटलेली, न घसरणारी रबरी चटई घ्या. तिच्यावर पाय ठेवायच्या जागी चिकटपट्टीखाली सुतळीची एक आडवी रेघ घ्या, चवड्यांच्या पुढच्या टोकाला लागेल अशी, आणि दोन पावलांच्या मध्ये एक छोटी उभी रेघ. पातळ तळव्याचे बूट असतील तर पायाला रेघ लागते, जाड तळव्याच्या बुटांत लागत नाही. मग खेळाडूला आधी हातानेच ती रेघ दाखवा. रेघ पायाखाली अडखळेल इतकी जाड नको.

समोरचा मोबाईलचा स्टँड सोडला तर चटईभोवती सगळ्या बाजूंनी दोन मीटर जागा मोकळी ठेवा. मग खेळाडूला त्या जागेतून चालवून आणा. भिंत कुठे, दार कुठे, मोबाईलचा स्टँड कुठे, तुम्ही कुठे बसणार, हे घड्याळाच्या भाषेत सांगा: “मोबाईल बाराच्या दिशेला, तुझ्यापासून दीड मीटरवर. मी दोनच्या दिशेला. नऊकडे भिंत आहे, पण चार पावलं लांब.” स्टँडला हात लावून पाहू द्या. पुढे आपटायला काही आहे का, ही शंका मनात असेपर्यंत कोणीही पूर्ण जोर लावत नाही.

हॉल शांत हवा. पंख्याची घरघर, शेजारचा सराव, गप्पा, यांनी आवाजावर दिशा धरणाऱ्या माणसाची दिशा हरवते. ज्यांना थोडं दिसतं त्यांच्यासाठी प्रकाशाचा विचार करा. स्लो मोशनला भरपूर उजेड लागतो, पण अल्बिनिझमसारख्या (त्वचेत-डोळ्यांत रंगद्रव्य कमी असण्याच्या) स्थितीत उजेडाचा त्रास होतो, म्हणून दिवा पायांवर पडेल असा मागून किंवा बाजूने ठेवा, चेहऱ्यावर कधीच नको. नुसता मोबाईलचा फ्लॅश लावून काम भागवू नये.

शब्द आणि हात

आता त्या पहिल्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. असंच म्हणजे कसं?

‘असं’, ‘इथे’, ‘एवढंच’, ‘माझ्यासारखं’ हे शब्द त्या तासापुरते विसरून जा. त्याऐवजी शरीराच्या भागांची नावं घ्या आणि जाणवेल असं सांगा. माझी सूचना आता साधारण अशी असते: “पाय एकमेकांपासून खांद्यांइतके लांब. दोन्ही चवडे रेघेला लागलेत? दोन्ही तळवे कमरेच्या हाडांवर ठेव, शेवटपर्यंत तिथून काढायचे नाहीत. मी ‘उडी’ म्हटलं की झटकन खाली जा, पाठीमागे बुटकं स्टूल आहे आणि त्यावर टेकणार आहेस इतकी, आणि न थांबता जोर लावून सरळ वर. हवेत पाय सरळ, गुडघे वर ओढायचे नाहीत. खाली येताना आधी चवडे टेकतील, मग टाचा, मग गुडघे वाकव.”

शब्दांनी समजलं नाही तर हातांनी. “मी खाली बसतो, तू माझ्या खांद्याला आणि गुडघ्याला हात लावून बघ” असं म्हणून आपलं शरीर तपासायला द्या. खेळाडूच्या अंगाला हात लावून स्थिती दाखवायची असेल तर प्रत्येक वेळी आधी विचारा आणि कुठे हात लावणार ते सांगून मगच लावा. न सांगता लागलेल्या हाताने माणूस दचकतो, आणि दचकलेला माणूस त्या दिवशी मोकळी उडी मारत नाही. जन्मापासून अंध असलेल्या काहींनी पूर्ण जोराची उभी उडी कधी मारलेलीच नसते. त्यांना आधी तुमचे दोन्ही हात किंवा एखादा पक्का कठडा धरून छोट्या उड्या मारू द्या, मग एक हात सोडून, मग दोन्ही सोडून.

हात कमरेवर का, असं खेळाडू विचारतात. हात झटकले की उडी उंच जाते, आणि प्रत्येक जण प्रत्येक वेळी वेगळे झटकतो. पायांचं काम मोजायचं तर हात बांधलेले बरे. पण कमरेवर हात ठेवून ज्याचा तोलच जातो, त्याला मी हात मोकळे सोडून उडी मारू देतो आणि वहीत तसं लिहितो. पुढच्या प्रत्येक वेळी त्याची उडी तशीच घ्यायची.

पहिले दोन दिवस फक्त शिकण्याचे धरा. व्हिडिओ काढा, आकडे सांगा, पण त्यांना पाया मानू नका. पहिल्या दिवसापासून तिसऱ्या दिवसापर्यंत जी वाढ दिसते ती बहुतेक भीती जाण्याची आणि उडी समजण्याची असते. तिला ताकद वाढली म्हणणं खेळाडूला खोटं सांगण्यासारखं आहे. आणि पहिल्याच दिवशीचा आकडा पाया धरून महिनाभराने सरावाचं यश मोजलं, तर स्वतःलाही खोटं सांगितलंत.

कॅमेरा

मोबाईल जमिनीलगत, छोट्या स्टँडवर, खेळाडूच्या बरोबर समोर साधारण दीड मीटरवर ठेवा. चौकटीत गुडघ्यापासून खालचा भाग आणि पुढेमागे थोडी जमीन यावी. बूट आणि चटई यांचे रंग वेगळे हवेत. काळ्या चटईवर काळा बूट असला की पाय नेमका कधी सुटला ते दिसत नाही.

ट्यूबलाइटखाली स्लो मोशन व्हिडिओ लुकलुकतो, कारण दिवा विजेच्या लयीत कमी-जास्त होत असतो. मोजता येतं, पण डोळे थकतात. दिवसाचा उजेड सगळ्यात चांगला.

आणि खेळाडूला सांगा, कॅमेऱ्यात काय येतंय: “फक्त गुडघ्याखालचे पाय दिसतात, चेहरा येत नाही. मोजून झालं की व्हिडिओ पुसू की ठेवू?” समोरच्याला पडदा दिसत नसतो, म्हणून हे आपण होऊन सांगायचं.

उड्या घेणं

आठ-दहा मिनिटं अंग गरम करा: जागेवर धावणं, घोटे-गुडघे मोकळे करणं, अर्ध्या जोराच्या तीन-चार उड्या. मग पूर्ण जोराच्या तीन उड्या, दोन उड्यांत एक मिनिट विश्रांती.

प्रत्येक वेळी क्रम आणि शब्द तेच ठेवा. “चवडे रेघेला लाव.” थांबा. “कॅमेरा चालू.” थांबा. “तयार… उडी.” यानंतर पाय टेकून खेळाडू स्थिर होईपर्यंत एक शब्दही नाही. उडी हवेत असताना मारलेली “शाब्बास” त्याचं लक्ष आणि तोल दोन्ही घालवते. टेकल्यावर आधी जागा सांगा: “एक वीत पुढे आलीस, सरळच आहेस.” मग रेघेवर परत जायला वेळ द्या. ओढून उभं करू नका.

फ्रेम निवडणं

पाय सुटल्याची फ्रेम म्हणजे दोन्ही पाय जमिनीवरून पूर्ण सुटलेले दिसतात ती पहिली फ्रेम. टेकल्याची फ्रेम म्हणजे एक तरी पाय जमिनीला लागलेला दिसतो ती पहिली. दोन्ही पाय टेकायची वाट पाहायची नाही. हा नियम एकदा धरला की सोडू नका, आणि शक्यतो एकाच माणसाने सगळे व्हिडिओ मोजा.

त्याच मुलीची चौथ्या दिवसाची उडी घ्या. फ्रेम ४११ मध्ये उजव्या बुटाचं टोक चटईला अजून लागलेलं, खाली सावलीचा एक पातळ काळा धागा. ४१२ मध्ये त्या धाग्याच्या जागी उजेडाची फट. ही सुटल्याची फ्रेम. पुढे ५२० मध्ये डावं टोक चटईच्या अगदी वर, आणि ५२१ मध्ये टोकाखालचं रबर किंचित दबलेलं. ही टेकल्याची. मध्ये १०९ फ्रेम. १०९ भागिले २४० म्हणजे ०.४५४ सेकंद, म्हणजे २५.३ सेंमी. बाकीच्या दोन उड्या १०७ आणि १०८ फ्रेमच्या होत्या, २४.४ आणि २४.८. सरासरी २४.८ सेंमी. सगळ्यात उंच उडी धरावी की सरासरी, यावर दोन मतं आहेत. या खेळाडूंसाठी मी सरासरीच धरतो, कारण एखादी उडी नशिबाने छान जमते.

फ्रेम शोधायला आवाजाची मदत होते. टेकल्याचा धप्प ऐकू आला की त्याच्या आसपास थांबा आणि मग एकेक फ्रेम मागेपुढे करा.

कोणती उडी फेकून द्यायची

सगळ्यात फसवी उडी म्हणजे गुडघे वाकवून टेकलेली. आपलं सूत्र एक गोष्ट गृहीत धरतं: जमीन सोडताना शरीर जितकं ताणलेलं होतं, टेकतानाही तितकंच. गुडघे वाकवले तर पाय उशिरा टेकतात आणि अ‍ॅपला वाटतं माणूस जास्त वेळ हवेत होता. वरच्या उडीत सहाच फ्रेम उशीर झाला असता तर १०९ च्या ११५ झाल्या असत्या आणि २५.३ ऐवजी २८.१ सेंमी दिसले असते. जवळपास तीन सेंमीची प्रगती, जी झालेलीच नाही.

याच्या उलटही घडतं. जमीन कधी येणार याची खात्री नसली की काही जण पायाची बोटं खाली ताणून जमीन शोधतात. मग एक चवडा लवकर टेकतो आणि उडी कमी दिसते. माझी ती खेळाडू सुरुवातीला नेमकं हेच करायची. स्लो मोशनमध्ये तिचा डावा पाय चाचपडताना स्पष्ट दिसायचा, अंधारात जिन्याची शेवटची पायरी शोधावी तसा. सराव वाढला, एकाच चटईवर अनेक उड्या झाल्या, तसा शरीराला त्या उडीचा वेळ पाठ झाला आणि चाचपडणं थांबलं.

म्हणून दर काही उड्यांनंतर दुसऱ्या मोबाईलने बाजूने, पूर्ण शरीर येईल असा व्हिडिओ काढा, अर्थात विचारून. टेकताना गुडघा आणि घोटा सुटतानाइतके सरळ आहेत का बघा. नसतील, चवडे रेघेपासून वीतभराहून लांब गेले असतील, हात कमरेवरून सुटले असतील किंवा एक पाय दुसऱ्याच्या स्पष्ट आधी टेकला असेल, तर ती उडी मोजू नका, दुसरी घ्या. पाच उड्यांत तीन चांगल्या मिळाल्या नाहीत तर त्या दिवशी मोजमाप बंद करून सराव घ्या.

पट्टी बांधायची की नाही

बऱ्याच पॅरा खेळांत (अपंग खेळाडूंच्या स्पर्धांत) दृष्टीचे तीन गट धरतात: बी१, बी२ आणि बी३. बी१ मध्ये पूर्ण अंध किंवा जवळजवळ तसे, बी३ मध्ये त्यातल्या त्यात जास्त दिसणारे. अ‍ॅथलेटिक्समध्ये हेच टी११, टी१२, टी१३ म्हणून येतात. गोलबॉलमध्ये मैदानावरचे सगळेच खेळाडू आयशेड (डोळे पूर्ण झाकणारी पट्टी) लावतात, टी११ चे खेळाडूही डोळे झाकूनच उतरतात. ज्युडोत आयशेड नसते.

मी स्पर्धेत जसं असतं तसंच मोजतो. गोलबॉलचा खेळाडू आयशेड लावून, ज्युडोचा न लावता. पण सगळ्यांना सारखं करायचं म्हणून बी३ च्या मुलाच्या डोळ्यांवर अचानक पट्टी बांधू नका. तो रोज उरलेल्या दृष्टीवर तोल सांभाळतो. पट्टी बांधल्यावर तुम्ही त्याची उडी नाही, त्याची धांदल मोजाल.

डोळस मुलांसाठी छापलेले तक्ते इथे लावू नका, आणि बी१ च्या खेळाडूची बी३ शी तुलनाही नको. तुलना त्याच खेळाडूच्या मागच्या आकड्याशी. त्यासाठी सराव फारसा न बदलता दोन वेगळ्या दिवशी मोजा आणि आकडा आपोआप किती वरखाली होतो ते बघा. एखाद्याचा दीड सेंमीने होत असेल, तर पुढे एक सेंमी वाढला म्हणून पेढे वाटू नका आणि एक सेंमी घटला म्हणून त्याला रागावू नका.

आकडा आधी खेळाडूला

पाहणारे प्रशिक्षक पडद्यावरचा आकडा आपापसांत बोलतात आणि ज्याने उडी मारली तो ताटकळत उभा राहतो. हे मी अनेकदा पाहिलं आहे आणि दर वेळी वाईट वाटतं. आकडा सगळ्यात आधी त्याला सांगा, त्याचा अर्थही. वजनाचा उल्लेख मात्र चारचौघांत नको, तो एकट्यात.

नोंद अशी ठेवा की खेळाडूला ती स्वतः वाचता येईल. साधी तक्त्याची फाईल स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) नीट वाचली जाते. आलेखाचा फोटो वाचला जात नाही. तारीख, बूट, आयशेड, हातांची स्थिती, तीन उड्या, सरासरी आणि एक रकाना खेळाडूच्या स्वतःच्या शब्दांसाठी. “आज जमीन लवकर आली असं वाटलं” अशा एका वाक्याने मला व्हिडिओपेक्षा जास्त समजलं आहे.

स्वतः दृष्टिबाधित असलेल्या प्रशिक्षकांनी अ‍ॅप घेण्याआधी टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर हे मोबाईलमधले स्क्रीन रीडर लावून, पडद्याकडे न बघता सगळ्या बटणांवरून एकदा फिरून यावं. बटणांना नावं नसतील तर ते अ‍ॅप सोडा. फ्रेम निवडायची सरकपट्टी बहुधा मोठ्या टप्प्यांनी उडते, त्यामुळे फ्रेम निवडायला पाहणारा जोडीदार लागतो. चाचणी घेणं, सूचना देणं, उडी स्वीकारायची की नाही ते ठरवणं आणि नोंद ठेवणं हे तरीही तुमच्याच हातात राहतं.

तूर्त काय टाळायचं

पेटीवरून खाली पाऊल टाकून लगेच उडी मारायची ड्रॉप जंप बरीच अ‍ॅप मोजतात. तिच्यात पेटीची कड आणि जमिनीची खोली दोन्ही न बघता कळावी लागते, म्हणून काही महिने उभ्या उड्या पक्क्या झाल्याशिवाय तिच्याकडे वळू नका. वजन आणि पायाची लांबी भरून शक्ती आणि वेग सांगणारे रकानेही तसेच. भरायला सोपे आहेत, पण मूळ उडी डळमळीत असेल तर त्यांतून निघणारं सगळं डळमळीत.

पुढची चाचणी चार आठवड्यांनी, त्याच बुटांत, त्याच चटईवर, दिवसाच्या त्याच वेळी, आदल्या दिवशी जड सराव नसताना. हॉल बदलला असेल तर आधी पुन्हा एकदा सगळी जागा चालून दाखवा, स्टँडला हात लावू द्या, आणि मग म्हणा, “चवडे रेघेला लाव.”